कोंबडीचं अंग बाहेर आलंय, आज दवाखाना बंद. घरी काय करू?

बोरीकाठची | रविवार, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. घरी सहा कोंबड्या आहेत, चार गावठी आणि दोन ग्रामप्रिया. त्यातली तांबडी ग्रामप्रिया (मुलगी तिला लाली म्हणते) महिन्याभरापूर्वी अंड्यावर आली. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती. आज खुराडं उघडलं तर सगळ्यात शेवटी बाहेर आली, शेपटी पाडलेली आणि मागे लाल गोळा लोंबतोय. सोललेल्या टोमॅटोएवढा, ओला, चकचकीत. बाकीच्या त्यावर चोची मारत होत्या. दोन ठिकाणी रक्त आलंय. मी तिला उचलून न्हाणीत डालग्याखाली झाकलंय.

सासूबाई म्हणतात, म्हशीचं मायांग येतं तसंच हे, पण म्हशीला डॉक्टर हात घालतो, कोंबडीला कोण घालणार? दुपारी कापून टाका. मुलगी रडतेय. रविवार असल्यामुळे गुरांचा दवाखाना बंद आहे, डॉक्टरांचा फोन लागत नाही. घरी आत ढकलता येतं का? कोणी केलंय का?

तापीकाठ_शिरपूर | सकाळी ७:५८

वेगळी केलीत, अर्धं काम झालं. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या थांबत नाहीत, आतडी ओढून काढेपर्यंत टोचतात. आमची एक अशीच गेली, आम्ही शेतातून येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

आता तो गोळा कोरडा पडू देऊ नका. लिटरभर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड लहान चमचा मीठ टाका, सुती फडकं त्यात भिजवून वर ठेवा. आणि माश्या बसू देऊ नका. या दिवसांत दोन तासांत अंडी घालतात, मग किडे.

आप्पा_पारोळा | सकाळी ८:०५

आमच्या आईच्या काळी चुलीची राख लावायचे आणि हाताने आत सारायचे. हळद-तेलही चालतं. कोंबडी जगली तर जगली.

पशुवैद्य_शहादा | सकाळी ८:२०

आप्पा, राख नको. राख ओलावा शोषते, त्यात खार असतो, आधीच सोलवटलेल्या नाजूक कातडीला ती भाजते. हळदीबद्दल तुमच्याशी भांडत नाही, पण आत्ता तीही लावू नये. पिवळं झालं की कातडी जिवंत आहे की काळी पडतेय ते कळत नाही, आणि आज तेच बघायचं आहे.

ताई, आधी हे समजून घ्या. कोंबडीची अंड्याची वाट आणि विष्ठेची वाट शेवटी एकाच दाराने बाहेर उघडते. अंडं देताना आतली नळी थोडी उलटून अंड्यासोबत बाहेर येते, म्हणून अंड्याला घाण लागत नाही. अंडं पडलं की ती आपोआप आत जाते. रोज होतं हे. तुमच्या लालीची ती आत गेली नाही, एवढंच. स्नायू थकले असतील, अंडं फार मोठं असेल, किंवा अजून एक अंडं आत अडकलेलं असेल.

म्हणून पहिलं काम, अंडं आहे का ते बघणं. हातमोजे घाला, नसतील तर नखं कापून कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. पोटाला दोन्ही पायांच्या मधे अलगद चाचपा. लिंबाएवढं घट्ट लागलं तर ढकलाढकली करू नका. टबात कोमट पाणी घ्या, कोपराला सोसेल इतकंच गरम, आणि तिला पंधरा-वीस मिनिटं त्यात बसवा. बहुतेक वेळा अंडं सुटतं. आत फुटलं तर मात्र कवचाने नळी फाटते, तेव्हा दाबायचं नाही.

अंडं नसेल तर मिठाच्या पाण्याने गोळा धुवा, चिकटलेली विष्ठा आणि पिसं सोडवा. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन घरात असेल तर कोऱ्या चहासारखा रंग येईल इतकं पातळ करून शेवटचं पाणी त्याचं ओता. मग साखर. साधी साखर मिक्सरला बारीक करा, दोन थेंब पाण्यात मळून गोळ्यावर जाड थापा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. सुजेतलं पाणी साखर ओढून घेते, गोळा लहान होतो. तुमच्या सासूबाईंनी म्हशीचं नाव काढलं ते बरोबरच आहे, म्हशीचं सुजलेलं अंगसुद्धा साखर लावून लहान करतात.

साखर धुऊन काढा. कोंबडी टॉवेलात गुंडाळून एकाने धरायची, डोकं झाकलं की शांत राहते. दुसऱ्याने बोटाला साधं पेट्रोलियम जेली लावून गोळ्याच्या मधोमध, जिथे छिद्र दिसतं तिथून, आत सारायचं. कडेने ढकललं तर एक बाजू जाते आणि दुसरी फुगते. ती जोर लावेल तेव्हा थांबा, ढिली सोडेल तेव्हा पुढे जा. आत गेलं की बोट पाच मिनिटं तिथेच ठेवा.

झालं की इथे लिहा. पुढचं मग सांगतो. १९६२ या क्रमांकावरही फोन करून बघा, फिरता दवाखाना जवळपास असेल तर येतो.

केळीवाला_रावेर | सकाळी ८:२६

साखरेला मुंग्या लागतील ना?

तापीकाठ_शिरपूर | सकाळी ८:३१

दहा मिनिटांत कुठल्या मुंग्या, भो! धुवायचीच आहे ती.

जिजी_धरणगाव | सकाळी ८:४०

माय व, घाबरू नको. नखं कापी ले, हात धुई ले आनि मंग हात लाव. व्हई जाई बरं.

मना घर बारा कोंबड्या शेतस, दोघींना हे झालेलं. एक वाचली, एक नाही. वाचली तिला पहिल्या तासात आत घातलं होतं, दुसरीची गोष्ट आम्हाला संध्याकाळी कळली. वेळेवर आहे सगळं. ताई, तुम्ही फोन ठेवा आणि कामाला लागा.

धुळेकर_पुण्यात | सकाळी ९:१०

आमच्या गच्चीवर तीन कोंबड्या आहेत. मागच्या वर्षी एकीला असंच झालं, तेव्हा परदेशी व्हिडिओ बघून माणसांचं मूळव्याधीचं मलम लावलं होतं. सूज उतरलीही, पण तासाभरात कोंबडी लुळी पडली. ती वाचली, पण मी तरी ते परत लावणार नाही. डॉक्टर, कारण काय असावं?

पशुवैद्य_शहादा | सकाळी ९:२२

आपल्याकडच्या अशा बऱ्याच मलमांत बधिर करणारं औषध असतं. दीड-दोन किलोच्या पक्ष्याला ते माणसाच्या मापाने लावलं तर फार होतं, आणि ओल्या कातडीतून पटकन आत जातं. बोटाने आत सारायला साधी जेली पुरे.

बोरीकाठची | सकाळी १०:१५

झालं. हात अजून थरथरतोय, पण झालं.

अंडं आत नव्हतं. धुतल्यावर दिसलं की चोचीच्या जखमा वरवरच्या आहेत, खोल नाहीत. साखरेवर माझा विश्वास नव्हता, पण घड्याळ लावून बसले. पहिल्या पाच मिनिटांत साखर ओली झाली, मग खाली पाणी गळायला लागलं, थेंब थेंब. पंधरा मिनिटांनी धुतलं तर टोमॅटोचं लिंबू झालं होतं आणि वरची कातडी सुरकुतली होती.

सासूबाईंनी धरलं. हो, त्यांनीच. पदराने तिचं डोकं झाकून मांडीत घेतली आणि म्हणाल्या, "कर आता, मी शे." मी मधोमध बोट ठेवलं. तिने जोर लावला, मी थांबले. पोट ढिलं पडलं, मी पेरभर पुढे गेले. चार-पाच वेळा असं झालं. मग एकदम सगळं आत सरकलं आणि बोटाभोवती कडं आवळल्यासारखं वाटलं. त्या कड्यात जोर होता. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही वाचेल.

आता न्हाणीत आहे. पाणी प्यायली. पुढे काय?

जिजी_धरणगाव | सकाळी १०:१९

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

पशुवैद्य_शहादा | सकाळी १०:४०

फार छान केलंत. आता खरी लढाई उद्याच्या अंड्याशी आहे. ती महिन्याभरापूर्वीच अंड्यावर आलेली आहे, म्हणजे रोज नाही तरी तीन दिवसांत दोन अंडी येऊ शकतात, आणि प्रत्येक अंडं हेच दार पुन्हा उलटवणार. म्हणून आठवडाभर अंडी थांबवायची. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. दिवसातून आठ तास मंद उजेड आणि बाकी सोळा तास पूर्ण अंधार. न्हाणीची खिडकी पोत्याने झाका, पण हवा खेळती ठेवा. खाद्य कमी आणि साधं द्या, थोडी ज्वारी, हिरवा पाला, पाणी भरपूर. डालग्यावर मच्छरदाणी टाका.

शौच करताना जोर लावला की पुन्हा बाहेर येईल, ते धरून चला. आलं की तेच सगळं परत करायचं.

लेअर_नवापूर | सकाळी ११:०५

मी नवापूरच्या लेअर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) फार्मवर बारा वर्षं काम केलंय. तिथे हा प्रकार नवा पक्षी अंड्यावर येताना हमखास दिसतो. डॉक्टरांनी इलाज सांगितला, मी कारण विचारतो. ताई, तुमच्या खुराड्यात रात्री दिवा असतो का? आणि खाद्य कुठलं?

आमच्याकडे पक्षी अठरा-वीस आठवड्यांचा झाला आणि वजन भरलं की मगच उजेड वाढवायचा, तोही आठवड्याला अर्धा तास, सोळा तासांवर थांबायचं. एका शेडमध्ये टायमर बिघडून रात्रभर दिवे चालू राहिले होते. लहान अंगाचे पक्षी लवकर अंड्यावर आले, दोन बलकांची अंडी पडायला लागली आणि मागून पक्षी फाटायला लागले. डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बोरीकाठची | सकाळी ११:४०

दादा, तुम्ही बरोबर ओळखलंत.

जूनमध्ये मुंगसाने दोन पिल्लं नेली. तेव्हापासून खुराड्यात रात्रभर बल्ब असतो, पिवळा, साठचा. आणि खाद्य... शेजाऱ्यांनी ब्रॉयलरची बॅच विकली तेव्हा फिनिशरचं अर्धं पोतं उरलं होतं, ते आम्हाला दिलं. कोंबड्या आवडीने खात होत्या, तब्येती भरल्या, आम्ही खूश होतो. गेल्या आठवड्यात लालीची दोन अंडी इतकी मोठी होती की मुलीने शाळेत नेऊन दाखवली. फोडल्यावर दोन्हींत दोन-दोन बलक. आम्हाला तो लाभ वाटला होता.

आणि आत्ता ती बसली शौचाला आणि पुन्हा थोडं बाहेर आलंय. साखर मळतेय.

लेअर_नवापूर | सकाळी ११:५२

बल्ब आजच बंद. मुंगसासाठी जाळी बारीक भोकाची लावा आणि जमिनीत वीतभर पुरा. दिव्याने मुंगूस काही थांबत नाही, ते दिवसाही येतं.

फिनिशर चरबी वाढवण्यासाठी असतं. चरबी आत नळीभोवती साठते, वाट अरुंद होते. शिवाय त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, लेअर खाद्यात साडेतीन-चार टक्के. एका अंड्याच्या कवचाला दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाद्यातून मिळालं नाही की कोंबडी हाडांतून काढते. आणि अंडं बाहेर ढकलायलाही स्नायूंना कॅल्शियमच लागतं. मोठं अंडं, अरुंद वाट आणि थकलेले स्नायू, तिन्ही एकदम जमून आलं तुमच्याकडे.

केळीवाला_रावेर | दुपारी १२:३०

आमच्याकडे अंड्यांची टरफलं भाजून, कुटून परत कोंबड्यांना घालतात. ते चालतं ना?

पशुवैद्य_शहादा | दुपारी १२:४५

चालतं, उत्तम. पण भाजून बारीक कुटा, नाहीतर त्यांना अंडं फोडून खायची चटक लागते. शिंपल्यांचा चुरा मिळाला तर वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवं ती खाईल, कोंबड्याच्या पोटात उगाच जाणार नाही.

सातपुडा_पायथा | दुपारी १:१०

एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आम्ही यावलकडचे, घरी तीस-चाळीस कोंबड्या असतात. इतका वेळ एका कोंबडीला देणं आम्हाला परवडत नाही. असं झालेली कोंबडी आम्ही त्याच दिवशी कापतो. हाल होत नाहीत आणि अन्न वाया जात नाही. एकदा आलेलं अंग पुन्हा पुन्हा येतं, हे आमच्या वाडवडिलांनी बघितलेलं आहे.

तापीकाठ_शिरपूर | दुपारी १:२५

भाऊ, राग कशाला? तुमच्याकडे तीस आहेत, ताईंकडे सहा आणि एक रडणारी पोरगी. हिशेब वेगळा आहे.

पशुवैद्य_शहादा | दुपारी १:५०

सातपुडा भाऊंच्या बोलण्यात तथ्य आहे. हे पुन्हा उद्भवतं, बऱ्याच जणींत. म्हणून एक रेघ सांगून ठेवतो. गोळा काळा किंवा जांभळा-करडा पडला, वास सुटला, हाताला गार लागला, किंवा त्यातून आतडी दिसली, तर मग ढकलत बसू नये. तिला त्या वेदनेत ठेवणं बरं नाही. गुलाबी-लाल आणि गरम असेल तोवर प्रयत्न करावा.

आणि प्रतिजैविक दिलेली कोंबडी किंवा तिची अंडी डॉक्टर सांगतील तितके दिवस खायची नाहीत. हे कोणी पाळत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आप्पा_पारोळा | दुपारी २:१५

राखेचं मागे घेतो. एक विचारतो, खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. मग हिला खुडूक बसवता येईल का?

जिजी_धरणगाव | दुपारी २:३०

आप्पा, आपण आयुष्यभर उलटं केलं. कोंबडी खुडूक झाली की पाण्यात बुडवायची, पायाला दोरी बांधून उन्हात ठेवायची, का तर लवकर अंड्यावर यावी. आज पहिल्यांदा कोणीतरी म्हणतंय की अंडी नकोत. पण खुडूकपण आपल्या हातात नाही. ग्रामप्रिया तर रवणीला बसतच नाही सहसा, ती जातच अंड्यासाठी हैदराबादला तयार केलेली. अंधारच बरा.

लेअर_नवापूर | दुपारी ३:००

जरा विषय सोडून. हातमोज्यांचं डॉक्टरांनी म्हटलं ते मनावर घ्या. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात सापडला. लाखो पक्षी पुरले, गावातलं काम एका रात्रीत गेलं. तेव्हापासून मी साधी सर्दी झालेली कोंबडीसुद्धा उघड्या हाताने धरत नाही. अंग बाहेर येणं हा लागट रोग नाही, त्याची भीती नको. पण विष्ठेत काय असतं ते डोळ्यांना दिसत नाही. काम झालं की साबण, आणि ते कपडे वेगळे धुवा.

बोरीकाठची | रविवार, रात्री ९:३०

दिवसभरात तीनदा बाहेर आलं, तीनदा आत घातलं. शेवटच्या वेळी गोळा लहान होता, सुपारीएवढा. रंग लालच आहे. १९६२ ला फोन लागला, गाडी आज दुसऱ्या तालुक्यात आहे म्हणाले. बल्ब काढला. ह्यांनी खुराड्याभोवती पत्रा लावलाय, जाळी उद्या आणतील.

अंधारात ती शांत बसते. मी दार उघडलं की "क्रूक" असा एकच आवाज काढते.

बोरीकाठची | सोमवार, दुपारी १:४५

सकाळी पुन्हा आलं तेव्हा पिशवीत घालून मोटरसायकलवर दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले कातडी चांगली ठेवलीत. मग भोवतीने एक टाका घातला, बटव्याची दोरी ओढतो तसा. मधे करंगळी जाईल एवढी जागा विष्ठेसाठी ठेवली. एक इंजेक्शन दिलं, कॅल्शियमचं पातळ औषध पाण्यातून द्यायला सांगितलं. अंडं यायची लक्षणं दिसली, म्हणजे पंख पाडून बसली, सारखा जोर लावायला लागली, तर टाका लगेच सोडायचा. नाहीतर चार दिवस ठेवायचा. अंडी पंधरा दिवस खायची नाहीत.

पशुवैद्य_शहादा | सोमवार, दुपारी २:२०

योग्य केलं. टाका घातल्यावर विष्ठा पडतेय की नाही हे दिवसातून तीन-चार वेळा बघा. पडली नाही तर टाका आवळला गेलाय.

धुळेकर_पुण्यात | सोमवार, रात्री १०:००

हा धागा मला मागच्या वर्षी हवा होता. माझी मलमातून वाचली असं वर लिहिलं, पण पुढे दोन महिन्यांनी तिला परत झालं आणि मी कामावर होतो. गच्चीवर बाकीच्या दोघींनीच... असो. मीही रात्री टेरेसचा ट्यूबलाइट चालू ठेवत होतो. आज बंद केला.

जिजी_धरणगाव | सोमवार, रात्री १०:१२

वाईट वाटलं दादा.

बोरीकाठची | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

टाका काल काढला. चोवीस तास झाले, दोनदा शौच केलं, काही बाहेर आलं नाही. अंधारामुळे पाच दिवसांत एकही अंडं नाही. वजन थोडं उतरलंय. मुलीने तोलकाट्यावर ठेवून पाहिलं, एक किलो सातशे.

बाकीच्यांत परत कधी सोडू? घाई करावीशी वाटत नाही.

पशुवैद्य_शहादा | शुक्रवार, रात्री ८:००

मागची कातडी पूर्ण मिटेपर्यंत, लालसरपणा जाईपर्यंत नको. अजून आठवडा. मग संध्याकाळी, बाकीच्या झोपायला बसल्या की गुपचूप मधे ठेवायची. दिवसा सोडलीत तर नवीन समजून टोचतील. आणि आता हळूहळू लेअर खाद्यावर आणा, आठवडाभर जुन्यात मिसळून.

केळीवाला_रावेर | शनिवार, सकाळी ७:१५

ताई, आमच्याकडे आता मुलं रोज सकाळी प्रत्येक कोंबडीचं मागून तपासतात. आज शेपटी वर करून बघितली तर एकीला विष्ठा चिकटून दार बंद झालेलं. कोमट पाण्याने सोडवलं. आठवडाभर तसंच राहिलं असतं तर जोर लावून तिचंही अंग आलं असतं ना?

पशुवैद्य_शहादा | शनिवार, सकाळी ७:४०

येऊ शकलं असतं. मुलांना शाबासकी द्या.

बोरीकाठची | चोवीस दिवसांनी, सकाळी ८:०५

धागा वर काढतेय.

लाली बारा दिवसांपूर्वी खुराड्यात गेली. आज तिने पहिलं अंडं दिलं. मी पाठीमागे दहा फुटांवर बसून होते, चहा गार झाला. ती उभी राहिली, कातडी उलटली, ओली लाल दिसली, माझ्या पोटात गोळा आला. अंडं पडलं. मी मोजत होते, एक, दोन, तीन, चार. चारला आत गेली आणि दार मिटलं.

अंडं लहान आहे, गावठीएवढं. कवच घट्ट आहे. सासूबाईंनी ते उचललं, पदराला पुसलं आणि मुलीच्या हातात दिलं.

उद्याचं अंडं बघायला परत बसणार आहे.

जिजी_धरणगाव | सकाळी ८:०९

चहा झाकी ठेव उद्या.